ब्युफर्डने गेटिसबर्गला नेमकं वाचवलं काय?

टेहळ्या (धागाकर्ता)

अमेरिकेच्या यादवी युद्धातला उत्तरेचा घोडदळ सेनापती जॉन ब्युफर्ड याचं नाव निघालं की १ जुलै १८६३ ची, गेटिसबर्गच्या लढाईच्या पहिल्या दिवसाची सकाळ निघतेच. मूठभर घोडेस्वारांनी दक्षिणेच्या हेथची पायदळ डिव्हिजन (अनेक ब्रिगेडची तुकडी) दोन-अडीच तास अडवली, म्हणून गेटिसबर्गच्या टेकड्या उत्तरेच्या हाती राहिल्या, असं सगळे सांगतात. मला वाटतं, त्याचं खरं काम आदल्या रात्रीच उरकलं होतं.

३० जूनला तो गावात पोचला तेव्हा गॅम्बल आणि डेव्हिनच्या दोन ब्रिगेड मिळून २,७०० च्या आसपास स्वार त्याच्याबरोबर होते. तिसरी, मेरिटची ब्रिगेड मागे रसदीच्या गाड्या राखत होती. रात्री साडेदहाला त्याने मागून येणाऱ्या उत्तरेच्या पायदळाचा सेनापती रेनॉल्ड्स याला कळवलं की दक्षिणेच्या हिलची कोअर (अनेक डिव्हिजनची फौज) कॅशटाउनमागे, ९ मैलांवर गोळा झाली आहे. दक्षिणेचा सरसेनापती ली याचा एक जासूद पकडला होता, त्याच्याकडून लीचा दुसरा सेनापती ईवेल कार्लाइलकडून डोंगर ओलांडून येतोय हेही समजलं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. तिकडे हेथच्याच हाताखालच्या पेटिग्रूने गावाजवळ घोडदळ दिसल्याचं सांगितलं, ते हिल आणि हेथने मनावरच घेतलं नाही.

आता सकाळच्या गोळीबाराचं. गेटिसबर्गला या दोन ब्रिगेडचं मिळून नुकसान १२७: मृत, जखमी, बेपत्ता सगळे धरून. डिव्हिजनशी झुंज म्हणायला हा आकडा फार लहान आहे.

काडतूस

आकडा लहान आहे, कारण झुंजायचं नव्हतंच. वेळ काढायचा होता.

हेथची माणसं रस्त्याने रांगेत चालत होती. साडेसातच्या सुमारास मार्सेलस जोन्स या लेफ्टनंटने सार्जंटची कार्बाइन मागून घेऊन पहिली गोळी झाडली. गोळी आली की रांग थांबते. पुढची माणसं रस्ता सोडून शेतात पांगतात, कुंपणं पाडतात, मग सावकाश पुढे सरकतात. तोवर चौकीवाले घोड्यावर टांग टाकून मागच्या टेकाडावर गेलेले असतात. परत तोच खेळ. हर रिज (रिज म्हणजे लांबट टेकाड), मग विलोबी ओढा, मग मॅकफर्सन रिज. शेवटी हेथला आर्चर आणि डेव्हिस यांच्या दोन ब्रिगेड लढाईच्या रांगेत मांडाव्या लागल्या, आणि दहाच्या सुमारास रेनॉल्ड्सचं पायदळ हजर. रेनॉल्ड्स दहाला पोचला असताना मॅकफर्सन रिज हेथच्या ताब्यात असती, तर तुमच्या रात्रीच्या चिठ्ठीचं काय लोणचं घालायचं होतं?

बरं, २,७०० हा आकडाही फसवा आहे. पायउतार होऊन लढायचं तर चार स्वारांतले तिघे उतरतात, चौथा खोगिरावरच बसून सगळ्यांचे घोडे सांभाळतो. म्हणजे चौथा हिस्सा बंदुका गेल्या. गॅम्बलचे १,६०० धरले तर रांगेत जेमतेम १,२००. त्यातून डेव्हिन उत्तरेकडचे रस्ते राखत होता. सोबतच्या कॅलेफच्या सहा तोफा ब्युफर्डने एकत्र न ठेवता दोन-दोन करून लांब लांब लावल्या. समोरच्याला वाटावं, तोफखाना बराच आहे.

वाटाड्या

पण त्यांच्याकडे एकदा भरून सात गोळ्या झाडणाऱ्या स्पेन्सर बंदुका होत्या ना? मग १,२०० म्हणजे पाच-सहा हजारांच्या तोलाचे झाले.

काडतूस

नव्हत्या हो. स्पेन्सर कार्बाइन (आखूड नळीच्या बंदुका) घोडदळाला त्या लढाईनंतर मिळायला लागल्या. गेटिसबर्गला स्पेन्सर होत्या त्या उत्तरेच्याच कस्टरच्या घोडदळ ब्रिगेडकडे, त्याही रायफली. ब्युफर्डच्या माणसांकडे शार्प्स, बर्नसाइड, गॅलेगर अशा एकबारी कार्बाइन, फक्त काडतूस मागून भरायचं. ठासणीची बंदूक भरायला बहुतेक उभं राहावं लागतं, ही आडवं पडूनही भरता येते. मिनिटाला दुप्पट तरी गोळ्या सुटतात. पण शार्प्स कार्बाइनची नळी २२ इंच आणि दारूही कमी, समोर ३९-४० इंची रायफली, म्हणजे पल्ल्यात मार. गॅलेगरची तर रड अशी की बार उडाला की पितळी टरफल आतच अडकून बसायचं.

टेहळ्या

दारूगोळ्याचा हिशेब मान्य. तरी ऑगस्ट १८६२ आठवा. बुल रनच्या दुसऱ्या लढाईत, २९ तारखेला सकाळी पावणेनऊला ब्युफर्डने दक्षिणेच्या लाँगस्ट्रीटची फौज गेन्सविलमधून जाताना मोजून कळवली: १७ रेजिमेंट, १ तोफखाना, ५०० घोडदळ. हाच त्याचा हातखंडा.

काडतूस

उदाहरण तुमच्यावरच उलटलं. ती चिठ्ठी मॅकडॉवेलने संध्याकाळपर्यंत त्याचा वरिष्ठ, उत्तरेचा सेनापती पोप याला दिलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी लाँगस्ट्रीटने पोपची डावी बाजू मोडून काढली. बातमी एकटी लढाई जिंकत नाही. गेटिसबर्गला त्याने बातमी दिली आणि ती खरी ठरेपर्यंत जागाही धरली.

१६ डिसेंबर १८६३ ला, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो विषमज्वराने गेला. मृत्युशय्येवर मेजर जनरलची बढती मिळाली, ती १ जुलैपासून. ३० जूनपासून नव्हे!

टेहळ्या

बढतीच्या कागदावरून रणनीती ठरवायची तर ब्युफर्डचा वरिष्ठ, घोडदळाचा प्रमुख प्लेझंटन यालाही मोठा सेनापती म्हणावं लागेल.

नालबंद

दोघेही १ जुलैलाच अडकलात. २ तारखेला ब्युफर्डची डिव्हिजन मागे पाठवली, बदली घोडदळ आलं नाही, आणि उत्तरेचा सरसेनापती मीड याची डावी बाजू उघडी पडली. त्याचा एक कोअर सेनापती सिकल्स त्याच बाजूला पुढे सरकला, त्याचं एक कारण हे. दोष प्लेझंटनचा धरतात, बरोबर आहे. पण ३० जूनच्या त्याच रात्री ब्युफर्डने प्लेझंटनलाही लिहिलं होतं: माणसं-घोडी थकलीत, दाणा मिळत नाही, आणि दक्षिणेच्या अर्लीच्या लोकांनी गावातला सापडेल तो नाल न् खिळा उचलून नेलाय. नाल गेलेलं घोडं कठीण रस्त्यावर दोन दिवसांत लंगडतं. दोन तारखेची माघार तिथूनच सुरू झाली होती.