बस बुकिंगच्या साईटवर सीट सिलेक्शन स्क्रीन रीडरला कळत नाहीये, काय करू?

खिडकी_सीट:
मंडळी, अडकलोय. एका छोट्या ट्रॅव्हल्सवाल्याची साईट केलीये, सीटचा नकाशा आहे, प्रत्येक सीट म्हणजे एक डिव्ह (एचटीएमएलचा नुसता चौकोन), क्लिक केलं की हिरवी, बुक झालेली राखाडी, लेडीजची गुलाबी. परवा त्यांच्याकडे एका पॅसेंजरचा फोन आला की मला दिसत नाही, मी एनव्हीडीएवर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) चालवतो, नाव नंबर सगळं भरता येतं पण सीटच घेता येत नाही. मग मी पण एनव्हीडीए टाकून बघितलं (फुकट असतं हे तेव्हा कळलं), तर ते नुसतं "क्लिकेबल 1, क्लिकेबल 2" करत सुटलं आणि टॅब दाबला की सगळी गाडी ओलांडून थेट "पुढे जा" वर. आता सगळ्या डिव्हना रोल बटन आणि टॅबइंडेक्स शून्य देतो (म्हणजे हे बटन आहे आणि टॅबने इथे थांबायचं), भागेल का तेवढ्यात?

अर्धा_चहा:
नाही भागणार. रोल दिलास की ते बटन आहे असं बोललं जाईल, पण एंटर आणि स्पेस दाबल्यावर काही होणार नाही, ते तुलाच लिहायचं, मग सीट निवडलीये का नाही ते एरिया-प्रेस्डमधून (एरिया म्हणजे एआरआयए, स्क्रीन रीडरसाठी एचटीएमएलमध्ये घालायच्या जादा खुणा) तूच सांगायचं, आणि कुठेतरी एक जागा विसरशीलच. साधा चेकबॉक्स टाक ना राव, हे सगळं ब्राउजर आयतं देतो. घरचे चौघं एकत्र बुक करतात म्हणून चेकबॉक्स, रेडिओ नको, त्यात एकच निवडता येतं. एरियाचा पहिला नियमच हा आहे की एचटीएमएलमध्ये तयार चीज असेल तर तीच घ्या.
गुलाबी-राखाडीचं पण बघ, नुसत्या रंगावर माहिती सोडायची नाही हे डब्ल्यूकॅगमध्ये (साईट सगळ्यांना वापरता यावी याचे नियम) आहेच, आणि ज्यांना रंग नीट कळत नाहीत त्यांचीही तीच बोंब. "लेडीज" हा शब्द लेबलमध्येच घाल.

सरळसोट:
एवढा खटाटोप कशाला, फोन करून बुक करतील की.

कानसेन:
सरळसोट, फोन करतोच आम्ही, रात्री दहानंतर उचलत नाहीत. तुम्ही आडवे पडून बुक करता आणि मी ऑफिसची वेळ बघायची होय?
खिडकी_सीट, मी रोज एनव्हीडीए वापरतो म्हणून थोडं सांगतो. आधी लेबल छोटं ठेवा आणि नंबर पहिला, "12, खिडकी, लेडीज, 650 रुपये" बास. "कृपया सीट क्रमांक निवडा" हे चाळीस वेळा ऐकलं की माणूस एसटी स्टँडवर जाऊन रांगेत उभा राहतो. लेबलमध्ये "चेकबॉक्स" हा शब्द घालू नका, तो आम्हाला आपोआप ऐकू येतो, नाहीतर दोनदा येतो. लोअर आणि अप्परला खरं हेडिंग द्या, एच दाबला की आम्ही डेकवर पोचतो, एक्स दाबला की पुढच्या सीटवर, चाळीस टॅब कोण मारतंय. बुक झालेल्या सीट काढून टाकू नका, डिसेबल्ड करा, शेजारची रिकामी आहे का ते मलाही बघायचं असतं.
पानाची लँग्वेज एमआर (मराठी) दिलीये का? टेम्प्लेटमधलं ईएन तसंच राहतं आणि मग इंग्रजी आवाज देवनागरी एकतर गाळतो नाहीतर भलतंच वाचतो.
आणि तुमच्या साईटवर सीट घ्यायला किती वेळ उरला ते मोजणारा तो टायमर! दर सेकंदाला बोलला तर दुसरं काही ऐकूच येत नाही. सुरुवातीला एकदा आणि दोन मिनिटं उरल्यावर एकदा, पुष्कळ झालं.

खिडकी_सीट:
दोघांनाही थँक्यू. चेकबॉक्स टाकले पण गंमत अशी झाली की डिझाइनसाठी ते डिस्प्ले नन केले (म्हणजे पार लपवले) आणि सीट परत गायब, अर्धा तास डोकं खाजवत बसलो. मग ओपॅसिटी शून्य (पूर्ण पारदर्शक) करून चेकबॉक्स सीटच्या चौकोनावरच पसरवला, आता बोलतंय. टायमरचा एरिया-लाइव्ह (बदल झाला की आपोआप बोलायला लावणारी खूण) काढला, दोन मिनिटांचा मेसेज वेगळा टाकला. लँग्वेज खरंच ईएन होती, लाज वाटली.

अर्धा_चहा:
ओपॅसिटी शून्य केलीस ना, मग फोकसची चौकट (कीबोर्डने कुठे आहोत ते दाखवणारी) पण गेली असेल. ती लेबलवर सीएसएसच्या फोकस-व्हिजिबलने परत आण, डोळ्यांनी बघून नुसता कीबोर्ड वापरणारे पण असतात.

खिडकी_सीट:
हो की, गेलीच आहे. आज रात्री करतो. कानसेन, त्यानंतर एकदा बुक करून बघाल का? पैसे भरायच्या आधी थांबा फक्त.

कानसेन:
बघतो. खिडकीची ठेवा.