मदत हवी आहे: ५८ ला निवृत्ती, पीएफ ११ लाख, पेन्शन किती धरायची?

वारणाकाठ
मामांसाठी विचारतोय. कुपवाड एमआयडीसीत मशीनशॉपला आहेत. मार्च २०२६ ला ५८ पूर्ण होतात. एप्रिल २००२ पासून सलग नोकरी, पण मध्ये एक कंपनी बदलली. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १९,००० रु., एकूण पगार २०,५००. पीएफ तोवर ११ लाखांच्या आसपास असेल. घर स्वतःचं, कर्ज नाही. मामी ५४ वर्षांच्या.

दोघांचा महिन्याचा खर्च: किराणा-तेल ५,५००, दूध २,३००, भाजी २,४००, औषधं (दोघांना बीपी, मामांना शुगर) २,४००, वीज-गॅस-मोबाइल २,३००, घरपट्टी-प्रवास-आहेर वगैरे सरासरी २,६००. एकूण १७,५००.

सूत्राने (वेतन × सेवेची वर्षं ÷ ७०) पीएफची पेन्शन काढली: १५,००० × (२४ + २) ÷ ७० = ५,५७१. बरोबर आहे का? आणि दोन वर्षं थांबून ६० ला घेतली तर वाढते म्हणतात, थांबावं का? पाहुणे पीएफमधून प्लॉट घ्या म्हणताहेत.

पगारबिल
५,५७१ धरू नका, घोळ होईल. पेन्शनसाठी वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ ला ६,५०० वरून १५,००० झाली. पीएफ कार्यालय त्याआधीची सेवा ६,५०० ने आणि नंतरची १५,००० ने मोजतं. मामांची आधीची १२ वर्षं ५ महिने म्हणजे साधारण १,१५० रु., नंतरची ११ वर्षं ७ महिने म्हणजे साधारण २,४८०. वीस वर्षांवरच्या सेवेला मिळणारी दोन वर्षं त्यात मिळवली की ३,८०० ते ४,१०० च्या दरम्यान बसते. ३,९५० धरून चला. त्यावर महागाई भत्ता नाही, आज जी रक्कम ठरेल तीच पुढे राहते. चोवीस वर्षं मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला हे फार कमी आहे, पण घरखर्च या आकड्यावरच आखावा लागेल.

६० पर्यंत थांबण्याचं: वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. दोन वर्षांत सुमारे ९५,००० सोडायचे आणि महिन्याला सव्वातीनशे जास्त घ्यायचे. सोडलेले पैसे वसूल व्हायला चोवीस-पंचवीस वर्षं लागतात. थांबू नका.

उलट कंपनी ठेवून घेत असेल तर नोकरी चालू ठेवा आणि पेन्शनही ५८ लाच सुरू करा. दोन्ही एकत्र चालतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. ५८ नंतर कंपनीच्या हिश्शातून पेन्शन फंडात जाणारे १,२५० बंद होतात आणि कंपनीचा पूर्ण १२ टक्के हिस्सा पीएफमध्ये पडतो. हा बदल पगार बघणाऱ्याकडून त्याच महिन्यात करून घ्या. वाढदिवसानंतरही १,२५० तिकडे जात राहिले तर दावा अडकतो आणि दुरुस्तीत महिने जातात.

वारणाकाठ
पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जमा दिसते, ती एकरकमी मिळत नाही का?

पगारबिल
नाही. सेवा दहा वर्षांच्या वर गेली की फक्त मासिक पेन्शन. त्यासाठी पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म १०डी भरायचा.

त्याआधी पाहायचं ते म्हणजे जुन्या कंपनीची सेवा. पीएफच्या पोर्टलवर सेवेच्या इतिहासात दोन्ही कंपन्या एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा नंबर) दिसतात का? जुनी नोंद वेगळी राहिली असेल तर ती वर्षं पेन्शनमध्ये धरली जाणार नाहीत. आधी फॉर्म १३ भरून जुनं खातं सध्याच्या खात्यात ट्रान्सफर करून घ्या. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली आहे का, तेही बघा. नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळायला हवी. मामींचंही आधार तपासा, कारण मामांच्या पश्चात अर्धी पेन्शन त्यांना मिळते आणि सासर-माहेरच्या नावांचा घोटाळा नेमका तेव्हाच समोर येतो. हे सगळं आत्ताच सुरू करा, मार्चची वाट बघू नका.

टपालखातं
गुंतवणुकीबद्दल. प्लॉट अजिबात नको. प्लॉटमधून महिन्याला रुपया येत नाही आणि दवाखान्याच्या वेळी आठ दिवसांत विकला जात नाही.

पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची असली, तरी ५५ ते ६० मधला निवृत्त माणूसही घेऊ शकतो. अट अशी की निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं, कंपनीचं पत्र जोडायचं आणि मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त भरायचं नाही. सध्या दर ८.२ टक्के, भरताना असलेला दर पाच वर्षं कायम. व्याज दर तिमाहीला येतं, दरमहा नाही. किराण्याची सोय त्याप्रमाणे लावा.

मार्चलाच नोकरी सोडली तर ११ लाखांवर तिमाहीला २२,५५०, म्हणजे महिन्याला साधारण ७,५००. पेन्शन धरून ११,४५०. खर्चाला सहा हजार कमी पडतात.

आणखी दोन वर्षं काम केलं आणि पीएफला हात लावला नाही, तर ८.२५ टक्के व्याज कायम राहिल्यास रक्कम १४ लाखांपर्यंत जाते. त्यावर महिन्याला साडेनऊ हजार. त्या दोन वर्षांची पेन्शन आरडीत टाकली तर लाखभर वेगळे. ग्रॅच्युइटी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, म्हणून सध्याच्या कंपनीतली वर्षंच धरा (१९,००० × १५ ÷ २६ × वर्षं), म्हणजे दर वर्षामागे साधारण ११,०००. ती योजनेत अडकवू नका, बँकेत छोट्या तीन-चार ठेवी करा. महागाई ६ टक्के धरली तर आजचे १७,५०० बारा वर्षांत ३५,००० होतात, तेव्हा या ठेवींनाच हात घालावा लागणार.

सुनंदा_मिरज
औषधांच्या २,४०० बद्दल कुणीच बोललं नाही. पगार २१,००० च्या आत आहे म्हणजे ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असणार. निवृत्त होताना किमान पाच वर्षं विमा असेल तर वर्षाला फक्त १२० रु. भरून मामा-मामी दोघांनाही ईएसआयचे उपचार पुढे मिळतात. बीपी-शुगरच्या गोळ्या दवाखान्यातूनच.

एक मात्र जपा. पुढच्या दोन वर्षांत पगारवाढीने एकूण रक्कम २१,००० च्या वर गेली तर चालू सहामाही संपल्यावर कापणं बंद होतं आणि निवृत्तीच्या दिवशी ते विमाधारक राहत नाहीत. पगारवाढीचं बोलणं होईल तेव्हा हे आधी विचारा.

वारणाकाठ
ईएसआय कापतात, स्लिपवर १५४ रु. दिसतात. जुन्या कंपनीची नोंद मात्र वेगळ्या नंबरवर आहे, आत्ताच बघितलं.

पगारबिल
मग आधी तो नंबर यूएएनला जोडून घ्या आणि फॉर्म १३ भरा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकलेली नसेल तर ती त्यांच्याकडून भरून घ्या, त्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकत नाही. पैसे आले तरी काम संपलं असं समजू नका. सेवेच्या इतिहासात २००२ पासूनची वर्षं दिसेपर्यंत १०डी भरू नका.