हॉकीत लाइनची केमिस्ट्री खरंच असते का गोल झाल्यावर चिकटवलेलं नाव?

केळीवाला रावेरचा:
काय भो मंडळी, क्रिकेटचा धागा नाहीये हा, आधीच सांगतो. विषय एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी. 2009 पासून चार वर्षं मी व्हँकूव्हरला होतो तेव्हा नाद लागला, आता रावेरला पहाटे साडेपाचला स्वेटर घालून मॅच बघतो आणि आई म्हणते पोरगं गेलं कामातून. ज्यांना गंध नाही त्यांच्यासाठी: पुढे तिघं एकत्र खेळतात, मधे सेंटर अन दोन बाजूला विंगर, ही झाली एक लाइन. टीमकडे अशा चार. एक लाइन पाऊण मिनिट जीव तोडून पळते, लगेच बेंचवर, दुसरी आत.

माझं म्हणणं, तिघांचं जमलं की हात लावू नका. दोन मॅच हरले की कोच लोक सगळ्या लाइन मिक्सरमधे टाकतात ते मला पटतच नाही. मी व्हँकूव्हरच्या टीममधल्या सेडिन भावांना बघितलंय, स्वीडनचे जुळे, हेन्रिक सेंटर आणि डॅनियल विंगर. कोपऱ्यात मैदानाच्या कडेच्या फळीला चिकटून हेन्रिक पक (बॉलच्या जागी असते ती रबरी चकती) दाबून उभा, अंगावर दोन डिफेन्सवाले, आणि हा मान वर न करता मागच्या मागे पक सोडायचा, आणि तिथे डॅनियल. म्हणजे आधीपासून उभा नाही बरं का, पक आणि तो एकदमच पोचायचे. त्यांच्याबरोबर अ‍ॅलेक्स बरोज नावाचा गडी, ड्राफ्टमधे, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, कोणी घेतला पण नव्हता त्याला, त्याने 2009-10 ला 35 गोल मारले. ही केमिस्ट्री नाही तर काय?

आमच्या मळ्यात केळी उतरवतात तेव्हा एक जण दांडा कापतो आणि दुसरा खांद्यावर पोतं टाकून घड झेलतो. वीस-पंचवीस किलोचा घड. आमची एक जोडी आहे, सातपुड्यातले पावरा गडी, दिवसभरात एकमेकांशी दहा शब्द बोलत नसतील. विळा फिरला की खांदा खाली असतोच.

भुसावळ जंक्शन:
जुळ्यांचं उदाहरण देऊन केमिस्ट्री सिद्ध करणार? ते आईच्या पोटापासून प्रॅक्टिस करताय. आणि भाऊ, ज्या सीझनचं तू सांगून राहिला त्याच सीझनला डॅनियलचा पाय मोडला होता, 19 मॅच बाहेर. तरी हेन्रिकने 112 पॉइंट (गोल अधिक गोलला दिलेले पास) करून स्कोअरिंगचा किताब पण नेला आणि हार्ट ट्रॉफी, म्हणजे सीझनच्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब, पण नेली. ग्रेट्स्कीचं घे, या खेळातला सगळ्यात गाजलेला गडी, एडमंटनला यारी कुरी त्याचा जोडीदार, लोक म्हणायचे या दोघांना तोडलं तर संपले. 1988 ला ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला विकला, पहिल्याच सीझनला 168 पॉइंट, कुरी नाही काही नाही. आणि इकडे एडमंटनने 1990 ला त्याच्याशिवाय स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, उचलला.

मी रेल्वेत आहे. लोको पायलट आणि असिस्टंटची जोडी रोज तीच असेल असं नसतं, ज्याची ड्युटी लागेल तो. आज ओळख झाली आणि रात्री मालगाडी घेऊन निघाले. सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्याने बोलून एकमेकाला सांगायचा. मनातलं ओळखायचं नाही, बोलायचं. प्रोफेशनल असंच असतं, सिस्टिम पक्की पाहिजे, माणसं बदलली तरी गाडी चालते.

केळीवाला रावेरचा:
82 पैकी 63 मॅच डॅनियल होताच की, आणि तेवढ्यात त्याने 85 पॉइंट केले, ते नाही सांगितलं तू. ग्रेट्स्कीने कुरीबरोबर असताना 1985-86 ला 215 केले होते, एडमंटन सोडल्यावर दोनशेला परत कधी शिवला नाही. 168 कमी आहेत असं कोण म्हणतंय, पण फरक दिसतोय ना?
सिग्नल लाल नाहीतर हिरवा असतो रे बाबा, डिफेन्सवाला अंगावर येताना लाल दिवा लावून येत नाही.

शेवभाजी डबल तिखट:
धुळ्याहून नमस्कार. तुम्ही दोघं असं भांडताय जशी केमिस्ट्री झाडाला लागते. ती बनवावी लागते. सोव्हिएतची क्रुतोव-लारिओनोव-माकारोव लाइन घ्या, कोच तिखोनोव त्यांना वर्षाचे दहा-अकरा महिने कॅम्पमधे कोंडून ठेवायचा, बायकापोरांचं तोंड दिसायचं नाही. एवढं कोंडल्यावर मुकी माणसं पण एकमेकांची भाषा बोलतील. मग 1989 ला तिघं एनएचएलला आले. माकारोव कॅलगरीला, 31 वर्षांचा, आणि त्याला सर्वोत्तम नवख्याचा किताब मिळाला (त्यावरून इतकी बोंब झाली की नंतर वयाची अट घातली). क्रुतोव व्हँकूव्हरला गेला, एका सीझनमधे संपला. आता बोला, लाइन एकच, तुटली पण एकदम, एक फुलला अन एक वाळला. तुमच्या दोघांचं पण गणित यात बसत नाही.
लारिओनोव पुढे डेट्रॉइटला गेला, तिथे कोच बोमनने पाच रशियन एकत्र खेळवले आणि 1997 ला कप आला. घरची बोली बोलणारा शेजारी असला की फरक पडतोच. मुंबईच्या लोकलमधे कोणी अहिराणीत बोललं तर मी ओळख नसताना जागा देतो.

यावलची लेक:
मी नवऱ्यामुळे बघायला लागले, आता तो झोपतो आणि मी बघते. मला वाटतं केमिस्ट्री तिघांची नसतेच, एखाद्या माणसातच असते. ब्रॅड मार्शँड बोस्टनला बर्जेरॉन आणि पास्टरनाकबरोबर किती वर्षं खेळला, त्या लाइनला परफेक्शन लाइन म्हणायचे. मार्च 2025 ला फ्लोरिडाला गेला, वय 36, तिथे लुंडेल आणि लुओस्तारिनेन या दोन फिनिश पोरांसोबत तिसऱ्या लाइनवर, आणि जूनमधे कप हातात. तीन महिन्यात जमवलं. काही सुना कुठल्याही घरात दिल्या तरी जमवून घेतात, काहींचं माहेरातच पटत नाही 😄
आणि केळीवाले दादा, लाइन तोडणं म्हणजे दर वेळी कोचचं डोकं फिरलेलं नसतं. एडमंटनला मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल एकत्र ठेवले तर समोरच्याला चांगली डिफेन्सची जोडी एकाच लाइनवर सोडता येते, वेगळे केले तर त्याला दोन ठिकाणी बघावं लागतं. 2019-20 ला मधेच वेगळे केले, तर ड्रायसाइटलच्या लाइनने धुमाकूळ घातला आणि हार्ट ट्रॉफी त्यालाच मिळाली.

भुसावळ जंक्शन:
ताई एकदम बरोबर. अजून एक, रँटानेन. कोलोरॅडोत मॅकिननबरोबर किती वर्षं, 2025 ला विकला, फिरत फिरत डॅलसला, आणि मे महिन्यात प्लेऑफच्या निर्णायक सातव्या मॅचला शेवटच्या पिरियडमधे तीन गोल, ते पण कोलोरॅडोलाच! कुठे गेली केमिस्ट्री?

केळीवाला रावेरचा:
त्याच्या मनात जी आग होती ती वेगळी केमिस्ट्री भो.
बरं, सुनांवर आणि मॅकडेव्हिडवर माझ्याकडे उत्तर नाही, ताईंना एक घड भेट. आता हे ऐका. होळीआधी भोंगऱ्या बाजार लागला तर आमचा कापणारा गडी गावी गेला. काल नवा माणूस उभा केला, सकाळपासून तीन घड खाली. खाली पडलेल्या केळाला दोन दिवसांनी काळा डाग येतो, ते कोणी घेत नाही.

भुसावळ जंक्शन:
मग बोलायला लाव ना त्यांना! कापणाऱ्याने विचारायचं सोडू का, खालच्याने सोड म्हटल्यावरच विळा. आमच्यासारखं.

केळीवाला रावेरचा:
आज तेच केलं. एकही घड पडला नाही.

भुसावळ जंक्शन:
मग जिंकलो मी. विषय कट.

केळीवाला रावेरचा:
दुपारचे दोन वाजले, ट्रक अर्धाच भरलाय. ड्रायव्हर बांधावर बसून माझ्याकडे बघून राहिला. नंबर देतो, त्याला विचार कोण जिंकलं ते.