मदत हवी आहे: १९९१ ला फ्रेडी गेल्याचं तुम्हाला कसं कळलं?

नमस्कार मंडळी, २४ नोव्हेंबरला क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा स्मृतिदिन, आम्ही काही क्वीनवेडे त्या संध्याकाळी पुण्यात एकाच्या घरी जमतोय आणि त्यासाठी तुमच्या आठवणी हव्या आहेत.

तेव्हा ही बातमी तुम्हाला कशी कळली? पेपरात वाचली, की कुणा मित्राने सांगितली? एड्स झालाय हे फ्रेडीने २३ तारखेला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी लंडनच्या घरी वारला, वय फक्त ४५, चाहत्यांना धड काळजी करायलाही वेळ मिळाला नाही, मला हे अजूनही पचत नाही. त्याच वर्षी मे मध्ये शूट केलेला त्याचा शेवटचा व्हिडिओ बघितला नसेल तर नक्की बघा, ब्लॅक अँड व्हाइट आहे, अंगात मांजरांची चित्रं असलेलं जाकीट, चेहरा पार उतरलेला, पण कॅमेऱ्यात बघतो तेव्हा नजरेत तोच रुबाब. तो आम्ही लावणारच आहोत.

दुसरं म्हणजे फ्रेडी पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथेच द हेक्टिक्स बँडमध्ये पियानो वाजवायचा, तर त्या काळात तिकडे असलेलं कुणी तुमच्या घरात, ओळखीत आहे का? दोन ओळी लिहून दिल्या तरी चालेल, नाव न घेता वाचून दाखवू.

आणि हो, क्वीनच्या जुन्या कॅसेटी आहेत पण टेप रेकॉर्डर बंद पडलाय, कुणाकडे चालू असलेला मिळेल का एका संध्याकाळीपुरता? प्लीज कळवा.