पावसाळी गटारांच्या परवान्यात आकडा हवा, नुसती कामांची जंत्री नको

पाणवठा

अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावरच्या एका काउंटीत पावसाळी पाण्याच्या खात्यात काम करतो. दरवर्षी आम्ही राज्याला अहवाल पाठवतो. किती मैल रस्ते झाडले, किती चेंबर उपसले, शाळांतून किती पत्रकं वाटली, सगळं त्यात असतं. ओढ्यात जाणारा, पाण्यात शेवाळ माजवणारा फॉस्फरस किती कमी झाला, हा रकाना मात्र नसतो. माझं स्पष्ट मत आहे की तो रकाना असलाच पाहिजे, आणि आकडा गाठला नाही तर परवान्याचा भंग झाला असंच धरलं पाहिजे.

थोडी पार्श्वभूमी देतो. १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्याने कारखाने आणि मैलापाणी केंद्रं परवान्याखाली आणली. पावसाचं पाणी रस्त्यावरून जाळीत आणि जाळीतून सरळ ओढ्यात जातं. (रस्त्यावरची जाळी शुद्धीकरण केंद्राला जोडलेली असते असं अजून कितीतरी लोकांना वाटतं. काही जुन्या शहरांत मैला आणि पाऊस एकाच वाहिनीतून जातो, पण इतर ठिकाणी तसं नसतं.) १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मग १९९०च्या नियमांनी एक लाख किंवा त्याहून जास्त वस्तीची शहरं आणि १९९९च्या नियमांनी लहान शहरं परवान्याच्या कक्षेत आली.

त्याच कायद्यात दुसरी एक तरतूद आहे. जे ओढे-नद्या-तळी मानकात बसत नाहीत त्यांची यादी करायची आणि प्रत्येकाला किती प्रदूषण झेपेल तो आकडा ठरवायचा. त्याला टीएमडीएल म्हणतात. मग त्या आकड्याची वाटणी होते: इतका कारखान्यांना, इतका शहराच्या पावसाळी गटारांना, इतका शेतीला, आणि थोडा अंदाज चुकला तर म्हणून राखून ठेवलेला.

घोळ आहे तो इथे. शहराच्या वाट्याला आकडा येतो, पण परवाना म्हणतो 'व्यवहार्य असेल तितकं जास्तीत जास्त करा'. व्यवहार्य किती, हे बहुतेक वेळा शहरच ठरवतं. म्हणजे परीक्षा देणाराच पेपर काढणार.

मॅसॅच्युसेट्समध्ये वेगळा मार्ग दिसतो. चार्ल्स नदीच्या खालच्या पात्रासाठी २००७ मध्ये फॉस्फरस ५४ टक्क्यांनी कमी करायचं ठरलं. २०१८ पासून लागू झालेल्या परवान्यात त्या खोऱ्यातल्या गावांना आपापला वाटा आणि तो गाठायला २० वर्षांचा टप्प्याटप्प्याचा आराखडा लावून दिला आहे. मला नेमकं हे हवं आहे.

मार्च २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहर विरुद्ध ईपीए (केंद्र सरकारची पर्यावरण संस्था) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. 'नदीचं पाणी मानकात राहिलं पाहिजे' एवढं लिहून परवाना देणाऱ्याला हात झटकता येणार नाहीत. काय करायचं ते त्यानेच नेमकं सांगावं. तो खटला एकत्र वाहिन्यांचा होता, पण आमच्या परवान्यांतही अशी वाक्यं आहेत. काही जण म्हणतात, संपलं, आता मोकळे झालो. मी उलट वाचतो. मोघम वाक्य गेलं, तर गटाराच्या तोंडाशी वर्षाला किती पौंड फॉस्फरस, हे लिहायला कायद्याने कुणी अडवलेलं नाही.

खडी_डांबर

पूर्ण असहमत. मीही याच क्षेत्रात आहे, फक्त टेबलाच्या पलीकडे नाही तर चेंबरच्या तोंडाशी.

कारखान्याचा एक पाइप असतो, एक पंप असतो, एक झडप असते. माल कमी केला की घाण कमी. आमच्या शहराच्या गटारांना शेकडो तोंडं आहेत आणि झडप आकाशात आहे. कोरडं वर्ष आलं की काहीही न करता पास. ओलं वर्ष आलं की जीव तोडून काम केलं तरी नापास. असा आकडा कामाचा हिशेब सांगत नाही, हवामानाचा सांगतो.

आणि पाणवठासाहेब, ते पौंड मोजलेले कुठे असतात? एक पर्जन्य-बाग (पावसाचं पाणी मुरवणारा खोलगट वाफा) बांधली की ठरलेल्या कोष्टकातून इतके पौंड जमा. पुढे त्या बागेत गाळ साचून पाणी मुरेनासं झालं तरी कागदावरचे पौंड तसेच राहतात. तुम्ही ज्याला आकडा म्हणता तो प्रारूपातला, म्हणजे गणिती अंदाजाचा आकडा आहे.

गेल्या हिवाळ्याआधी व्हॅक्यूम ट्रक लावून एक चेंबर उपसला. वर पानं, खाली वाळू, सिगारेटची थोटकं, एक टेनिसचा चेंडू आणि तळाला हातभर काळा चिकट गाळ. तो गाळ ओढ्यात गेला नाही, हे मला डोळ्यांनी दिसलं. त्या गाळात किती फॉस्फरस होता ते मला सांगता येणार नाही, पण म्हणून ते काम 'जंत्री' होत नाही.

कायद्याचं म्हणाल तर नवव्या सर्किट न्यायालयाने (पश्चिमेकडच्या राज्यांचं संघीय अपील न्यायालय) १९९९ मध्येच ब्राउनर खटल्यात सांगितलं आहे की शहरांच्या पावसाळी गटारांना कारखान्यांसारखी मानकांची काटेकोर सक्ती कायद्यात नाही. लावायची की नाही हे ईपीएने ठरवावं. संसदेने हा फरक मुद्दाम केला आहे.

पाणवठा

@खडी_डांबर, ओल्या-कोरड्या वर्षाची हरकत रास्त आहे, पण तिला उत्तर आहे. वार्षिक मर्यादा सरासरी पावसावर बांधतात, एका वादळावर नाही. कोष्टकातल्या पौंडांचंही तसंच. बाग तुंबली तर पौंड वजा करा, तपासणीची अट घाला. प्रारूप कच्चं आहे म्हणून हिशेबच नको, हे मला पटत नाही. तुम्ही उपसलेल्या गाळाचा एक नमुना प्रयोगशाळेत गेला असता तर त्यातला फॉस्फरस आज तुमच्याच बाजूने बोलला असता.

ओढ्याकाठची

तुम्ही दोघंही पाण्यात काय आहे यावर भांडताय. मी जिथे राहते तिथे पाणी *किती* येतं हाच प्रश्न आहे.

आमच्या मागचा ओढा एरवी घोटाभर. अर्धा तास जोराचा पाऊस झाला की छपरं, रस्ते, पार्किंगचं सगळं पाणी एकदम येतं आणि काठ कापत जातं. झाडांची मुळं हवेत लोंबतायत. एका वळणावर मैलापाण्याची वाहिनी उघडी पडली आहे; बसवली तेव्हा ती जमिनीखाली होती. खाली जाणारा गाळ रस्त्यावरून आलेला नाही, तो ओढ्याचा स्वतःचा काठ आहे. झाडलोट यंत्र रोज फिरवलंत तरी त्याने काय होणार?

व्हर्जिनियात अ‍ॅकोटिंक ओढ्यासाठी ईपीएने हे ओळखून गाळाऐवजी वाहत्या पाण्यालाच मर्यादा घातली होती. राज्याचं वाहतूक खातं आणि फेअरफॅक्स काउंटी कोर्टात गेले, आणि जानेवारी २०१३ मध्ये संघीय न्यायाधीशांनी निकाल दिला की गाळ हा प्रदूषक आहे, पावसाचं पाणी नाही. म्हणून पाण्यावर टीएमडीएल लावता येणार नाही. कायद्याच्या शब्दांत ते बरोबर असेल. ओढ्याच्या दृष्टीने मात्र मारणाऱ्या गोष्टीलाच हात लावायची बंदी झाली.

म्हणून मला गटाराच्या तोंडाशी पौंड नकोत, बांधकामाच्या जागेवर इंच हवेत. वॉशिंग्टन डीसीने २०१३च्या नियमांत हे केलं: मोठं नवं बांधकाम करायचं तर १.२ इंच, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर पाऊस तिथेच जिरवा, वापरा किंवा अडवा. जागेवर सगळं जमत नसेल तर काही भाग दुसरीकडे अडवलेल्या पाण्याचं श्रेय विकत घेऊन भागवता येतो. यात प्रारूपावर वाद घालायला फार जागा नाही. खड्डा तेवढा मोठा आहे की नाही, टेप लावून कळतं.

खडी_डांबर

ताई, हे मात्र मी आनंदाने मान्य करीन. इंच मोजता येतात. फक्त हा नियम नव्या बांधकामाला लागतो. १९६०-७० च्या दशकांत बांधलेल्या वसाहतींना पाणी अडवायची काहीच सोय नाही आणि आमचं बरंचसं शहर तेच आहे. तिथे खोदकाम करायचं तर पैसा कोण देणार? मेरीलँडने २०१२ मध्ये दहा मोठ्या काउंटी-शहरांना पावसाळी पाण्याचं शुल्क सक्तीचं केलं. विरोधकांनी त्याला 'पावसावरचा कर' म्हणून हिणवलं, फ्रेडरिक काउंटीने मालमत्तेमागे एक सेंट लावून सक्तीची वाट लावली आणि २०१५ मध्ये ती सक्ती उठलीच. आकडा लिहायला शाई लागते, गाठायला पैसा लागतो.

करदाता_लॉसएंजेलिस

पैशाबद्दल एक उलट उदाहरण. इथे लॉस एंजेलिस काउंटीत २०१८ मध्ये 'मेझर डब्ल्यू' हा कराचा प्रस्ताव मतदानाला आला. पाणी न मुरणाऱ्या जमिनीच्या दर चौरस फुटाला वर्षाला अडीच सेंट, आणि मंजुरीला दोन तृतीयांश मतं हवी होती. मिळाली. मीही हो म्हटलं, कारण समुद्रकिनाऱ्यावर येणारा कचरा आम्ही बघतो. आता मला विचारायचं आहे की त्या पैशातून पाणी किती स्वच्छ झालं. 'इतकी झाडं लावली' हे उत्तर मला पुरत नाही. या एका मुद्द्यावर मी पाणवठांच्या बाजूने.

उगमापाशी

मला ही सगळी चर्चाच चुकीच्या माणसाच्या मानगुटीवर बसलेली वाटते. चोर सोडून संन्याशाला सूळ.

तांबं घ्या. शहरी ओढ्यांत येणाऱ्या तांब्याचा मोठा भाग गाड्यांच्या ब्रेक पॅडमधून झिजून येतो. कुठल्या नगरपालिकेने ब्रेक पॅड बनवले आहेत? कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा केला: ब्रेक पॅडमधलं तांबं २०२१ पर्यंत ५ टक्क्यांखाली आणि २०२५ पर्यंत ०.५ टक्क्यांखाली. हजारो तळी खोदून जे झालं नसतं ते एका कायद्याने मार्गी लागलं. फॉस्फरसचंही तेच, मिनेसोटाने हिरवळीच्या खतातल्या फॉस्फरसवर राज्यभर निर्बंध आणले. आणि वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड खाडीच्या ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन मासे तडफडून मरत होते, त्याचं कारण २०२० मध्ये सापडलं: टायरच्या रबरात घातलेल्या एका रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन तयार होणारं ६पीपीडी-क्विनोन. शहराने आकडा गाठायचा म्हणजे काय करायचं, गाड्या थांबवायच्या?

पाणवठा

@उगमापाशी, तुमच्या तिन्ही उदाहरणांशी सहमत आणि निष्कर्षाशी असहमत. ब्रेक पॅडचा कायदा झाला कसा ते बघा. सॅन डिएगोच्या चोयास ओढ्याला तांबं, शिसं आणि जस्ताचे आकडे लागले. कॅलिफोर्नियातल्या इतर शहरांपुढेही तांब्याच्या मर्यादा होत्या. गटाराच्या तोंडाशी तांबं काढायला किती खर्च येईल याचा हिशेब शहरांनी केला आणि तो अवाढव्य निघाला. मग हीच शहरं त्या कायद्याच्या पाठीशी उभी राहिली. परवान्यात नुसती पत्रकं वाटायची अट असती तर त्यांनी पत्रकं वाटली असती आणि ब्रेक पॅडकडे बघितलंही नसतं.

शहराच्या गळ्यात आकडा अडकवायचा तो याचसाठी. तो त्याला उगमापर्यंत ओढत नेतो. टायरच्या बाबतीतही कुणाला तरी अशी निकड असल्याशिवाय कंपन्यांवर दाब यायचा नाही.

उगमापाशी

हा इतिहास मान्य. पण कायदा होईपर्यंतच्या वर्षांत शहरांवर टांगती तलवार होतीच ना? आणि अमेरिकेत कुणीही नागरिक खटला भरू शकतो. वकिलांना गेलेला पैसा ओढ्यात तर गेला नाही.

खडी_डांबर

शिवाय जिवाणूंचं काय? आमच्या ओढ्यावर ई. कोलायची मर्यादा आहे. बदकं, रॅकून, कुत्रे, सगळ्यांची विष्ठा पावसात वाहून येते. रॅकूनला कुठला परवाना लावायचा? सगळे आकडे एका मापाने लावू नका, एवढं तरी मान्य करा.

पाणवठा

जिवाणूंना पौंडांचं माप लागू पडत नाही, ते मी मागितलेलंही नाही. तिथे काम वेगळं आहे. ७२ तास पाऊस नसतानाही गटाराच्या तोंडातून पाणी येत असेल तर ते कुठून येतं ते शोधायचं. अमोनिया बघा, कपड्यांच्या साबणाचे अंश बघा, माणसाच्या विष्ठेतल्याच जिवाणूंची खूण तपासा. एखाद्या इमारतीची मैलावाहिनी चुकून पावसाळी गटाराला जोडलेली निघते. ती तोडली की रॅकून तिथेच राहतात, पण लहान मुलांना आजारी पाडणारा मैला थांबतो. तिथे अट अशी हवी: ठरल्या मुदतीत सगळी तोंडं तपासा, आणि चुकीची जोडणी सापडली की इतक्या दिवसांत बंद करा.

फॉस्फरससाठी मात्र मी पौंडांवर ठाम आहे, आणि त्याचं एक कारण झाडलोटीतच आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याने रस्त्यावरच्या पानांचा अभ्यास केला. एका वस्तीत पानगळीच्या दिवसांत दर पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलली, तुलनेच्या वस्तीत नाही. उचलली तिथे त्या मोसमात वाहून जाणारा एकूण फॉस्फरस ८४ टक्क्यांनी कमी झाला. भिजलेली पानं चहापत्तीसारखी फॉस्फरस सोडतात, त्यामुळे पावसानंतर उचलून फारसा उपयोग नाही. आमच्या अहवालात 'झाडलेले मैल' जुलैतलेही तेवढेच मोलाचे आणि नोव्हेंबरमधलेही. पौंड मोजायला लागलो तर यंत्रं आपोआप नोव्हेंबरात, पावसाच्या आदल्या दिवशी बाहेर पडतील.

खडी_डांबर

मॅडिसनचं माहीत आहे. तिथे अभ्यासासाठी ब्लोअर घेऊन माणसं दर पावसाआधी उतरवली होती. आमच्याकडे दोन यंत्रं आहेत आणि त्यातलं एक बहुधा दुरुस्तीला असतं. पण वेळापत्रक पानगळीकडे सरकवायला हरकत नाही, ते मी वरिष्ठांपुढे मांडतो. परवान्यात 'ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडी असलेल्या रस्त्यांवरून दर आठवड्याला पानं उचला' असं लिहा, मी सही करीन. 'इतके पौंड कमी करा' लिहिलंत तर हरकत नोंदवणार.

ओढ्याकाठची

आणि नव्या परवान्याच्या मसुद्यावर हरकती मागवतील तेव्हा माझीही एक येईल: जुन्या वसाहतीत जिथे जिथे पार्किंगचं डांबर उखडून नव्याने करतील, तिथेही पाणी जागेवर जिरवायची इंचांची अट लावा. नुसतं नव्या इमारतींवर थांबू नका. ती उघडी पडलेली वाहिनी कुणीतरी येऊन बघावी, अशी विनंती मी काउंटीला वेगळी केली आहे.