नॅनीचा पगार ठरवताना: ‘हातात किती’ आणि ‘एकूण किती’

प्रश्न – नवखी मालकीण

सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि दोघेही नोकरी करतो. माझी बाळंतपणाची रजा पुढच्या महिन्यात संपत असल्यामुळे चार महिन्यांच्या मुलीला सांभाळण्यासाठी एका काकूंशी बोलणे झाले आहे. त्या सोमवार ते शुक्रवार रोज नऊ तास आमच्या घरी येतील. तासाला २० डॉलर ठरले, इथपर्यंत सगळे सुरळीत होते. मग त्यांनी विचारले, “म्हणजे आठवड्याला हातात किती पडतील?” मी ४५ गुणिले २० करून ९०० डॉलर सांगितले आणि घरी आल्यावर लक्षात आले की, हे उत्तर बरोबर आहे की नाही, हेच मला ठाऊक नाही.

काकूंना रोख पैसे हवे आहेत. ओळखीतल्या एका गृहस्थांनी “त्यांना १०९९ (स्वतंत्र व्यावसायिकाला दिलेल्या पैशांचा फॉर्म) द्या आणि मोकळे व्हा” असे सुचवले. दुसऱ्या एका मैत्रिणीच्या मते यंदा ३,००० डॉलरपर्यंत कर नाही, म्हणून त्याच्या वरच्या रकमेवरच तो भरायचा. आम्ही आजवर पगार फक्त घेतला आहे, कोणाला दिलेला नाही. हा हिशेब नेमका कसा करावा, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ – हिशेबतपासनीस

ताई, आधी १०९९ चा विषय संपवू. काकू तुमच्या घरी येणार, तुम्ही ठरवलेल्या वेळेत येणार आणि बाळाला केव्हा काय भरवायचे, केव्हा झोपवायचे हे तुम्ही सांगणार. अशी व्यक्ती आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) दृष्टीने तुमची नोकरदार असते, स्वतंत्र व्यावसायिक नव्हे. तुम्ही बाळाला त्यांच्या घरी सोडत असता आणि त्या तिथे आपल्या पद्धतीने चार मुले सांभाळत असत्या, तर गोष्ट बहुधा वेगळी झाली असती. इथे मात्र १०९९ दिल्यास तुमच्या वाट्याचा करही काकूंच्या माथी जातो आणि पुढे चौकशी झाली तर दंडासकट तो तुमच्याकडेच परत येतो.

मैत्रिणीचा गैरसमज फार जणांचा असतो. ही मर्यादा २०२५ साठी २,८०० डॉलर होती आणि २०२६ साठी ३,००० आहे. ती सूट नाही, उंबरठा आहे. वर्षभरातला रोख पगार (चेकने दिलेलाही त्यात आला) तिथपर्यंत पोहोचला की पहिल्या डॉलरपासून सगळ्या पगारावर सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांचे कर लागू होतात. काकूंच्या बाबतीत ते चौथ्याच आठवड्यात घडेल. सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, असे ७.६५ टक्के काकूंच्या पगारातून कापायचे आणि तेवढेच आपल्या खिशातून घालायचे.

आता तुमचे ९०० डॉलर. हा आकडा मुळातच चुकला आहे, आणि चूक कराची नसून पगाराची आहे. रात्री आपल्या घरी परतणाऱ्या नॅनीला आठवड्यात ४० तासांनंतरच्या प्रत्येक तासाला दीडपट दर द्यावा लागतो. म्हणजे ४० तासांचे ८०० आणि उरलेल्या पाच तासांचे ३० डॉलरप्रमाणे १५०, असा एकूण पगार ९५० डॉलर झाला. त्यातून ७.६५ टक्क्यांचे ७२.६८ डॉलर वजा केले की ८७७.३२ उरतात. न्यू जर्सीत नोकरदाराकडून बेकारी विमा, तात्पुरते अपंगत्व आणि कौटुंबिक रजा यांसाठीही थोडी कपात होते, म्हणून हातात पडणारी रक्कम आणखी जराशी कमी असेल. तुमचा खर्च मात्र आठवड्याला १,०२२.६८ डॉलर, अधिक राज्याची तुमच्या वाट्याची वर्गणी.

याखेरीज केंद्रीय बेकारी कर असतो. कुठल्याही तिमाहीत १,००० डॉलर किंवा अधिक पगार दिला की तो लागतो. दर ६ टक्के असला, तरी तो पहिल्या ७,००० डॉलरपुरताच असतो आणि राज्याची वर्गणी वेळेवर भरल्यास ५.४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. म्हणजे बहुतेकांना तो वर्षाला ४२ डॉलर पडतो आणि तो पूर्ण मालकाने भरायचा असतो. काकूंच्या प्राप्तिकराची कपात तुमच्यावर बंधनकारक नाही. त्यांनी डब्ल्यू-४ (पगारातून किती प्राप्तिकर कापायचा, हे मालकाला सांगणारा फॉर्म) भरून मागितली आणि तुम्ही मान्य केलीत, तरच ती करायची. मी मान्य करा असेच म्हणेन, कारण एरवी एप्रिलमध्ये एकदम मोठी रक्कम भरायची वेळ त्यांच्यावर येते.

उत्तर २ – दोन लेकरांची आई

वरच्या हिशेबात एक व्यवहारातली गोष्ट जोडते. हे सगळे वर्षाच्या शेवटी तुमच्याच १०४० (वार्षिक प्राप्तिकर विवरण) बरोबर शेड्यूल एच (घरकामगारांच्या कराची पुरवणी) जोडून भरायचे असते, म्हणून वर्षभर कोणी आठवण करून देत नाही. ९५० डॉलर बावन्न आठवडे धरले, तर वर्षाचा पगार ४९,४०० होतो. त्यावर दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्क्यांचे ७,५५८.२० आणि वरचे ४२, म्हणजे ७,६०० डॉलर. पहिल्या वर्षी आम्ही आमच्या नॅनीच्या पगारातून दर आठवड्याला कपात केली खरी, पण ते पैसे घरखर्चाच्याच खात्यात राहिले आणि अर्थातच खर्च झाले. शिवाय वर्षभरात आगाऊ कर न भरल्याचा दंडही बसला. दुसऱ्या वर्षी मी माझ्या नोकरीच्या ठिकाणी डब्ल्यू-४ मधल्या ४(सी) या रकान्यात जास्तीची कपात लिहून दिली. पंधरवड्याला पगार होत असेल, तर ७,६०० भागिले २६, म्हणजे २९२-२९३ डॉलर. तेवढ्याने वेगळे तिमाही हप्ते भरायची कटकट मिटली.

आता थोडी लाजिरवाणी आठवण. त्याआधी एका ताईंना आम्ही दीड वर्ष निव्वळ रोख पैसे दिले होते, कारण त्यांचीही तीच इच्छा होती. मोठा मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर त्यांचे काम सुटले आणि त्यांनी बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला. अर्जात शेवटची नोकरी म्हणून आमचा पत्ता लिहिला, यात त्यांचे काहीच चुकले नाही. महिन्याभरात आमच्या दारात राज्य सरकारचे पाकीट आले: या व्यक्तीला दिलेल्या पगाराची नोंद का सापडत नाही, याचा खुलासा करावा. मागचा कर, व्याज आणि दंड तर भरलाच, शिवाय जो वाटा त्यांच्या पगारातून कापायला हवा होता, तोही आम्हीच भरला. त्यांना भत्ता मिळायला चार महिने लागले, याचे मला अधिक वाईट वाटते.

नवखी मालकीण

दोघांचेही मनापासून आभार. दीडपट दराची गोष्ट मला खरोखरच माहीत नव्हती. काकूंशी पुन्हा बोलायचे आहे, पण कपातीचे नाव काढताच त्या दुसरीकडे जातील, अशी धास्ती वाटते. अर्धे पैसे कागदावर आणि अर्धे रोख, असा मधला मार्ग निघत नाही का?

उत्तर ३ – एडिसनचा जुना रहिवासी

निघत नाही. कमी पगार दाखवणे म्हणजे खोट्या आकड्याखाली आपली सही करणे होय. या देशात हा विषय किती तापू शकतो, ते १९९३ साली दिसले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरल पदासाठी झोई बेअर्ड यांचे नाव पुढे केले होते. कामाची परवानगी नसलेल्या नॅनीला त्यांनी नोकरीवर ठेवले होते आणि तिचा सोशल सिक्युरिटी कर भरला नव्हता, हे उघड झाल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. तोवर तिमाहीला ५० डॉलर पगार दिला तरी कर लागू होई आणि कोणी तो फारसा भरतही नसे. १९९४ च्या कायद्याने ती मर्यादा वर्षाला १,००० डॉलर केली आणि तिचीच वाढत वाढत आजची मर्यादा झाली आहे.

त्याच ओघात एक नाजूक गोष्ट. आपल्या मंडळींत पर्यटक व्हिसावर आलेल्या एखाद्या मावशींना किंवा ईएडी (कामाचा परवाना) नसलेल्या, एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरील शेजारणीला हे काम सर्रास दिले जाते. त्यात धोका तुमच्यापेक्षा त्यांना जास्त असतो. काकूंकडून आय-९ चा (कामाचा हक्क पडताळण्याच्या फॉर्मचा) त्यांचा भाग पहिल्या दिवशी भरून घ्या, त्यांची मूळ कागदपत्रे स्वतः पाहून तीन कामकाजी दिवसांत तुमचा भाग भरा आणि तो फॉर्म घरीच फाइलमध्ये ठेवा. तो कुठे पाठवायचा नसतो.

काकूंशी बोलताना कायद्याचे नाव काढूच नका, त्यांच्या म्हातारपणाविषयी बोला. सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनासाठी ४० क्रेडिट (नोंदलेल्या कमाईवर मिळणारे गुण) लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षांची नोंदलेली कमाई हवी. पासष्टाव्या वर्षी मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग विनाहप्ता मिळण्यासाठीही स्वतःच्या कमाईवर हाच हिशेब लागतो. माझ्या पत्नीने हे काम नऊ वर्षे रोखीने केले. आज तिच्या सोशल सिक्युरिटीच्या विवरणात त्या नऊ वर्षांपुढे शून्ये आहेत. आम्ही तो कागद एका ओळखीच्या बाईंना दाखवला, तेव्हा त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत.

उत्तर ४ – हिशेबतपासनीस

जुन्या रहिवाशांनी मुद्द्याचे सांगितले. काकूंना तेवढेच ९०० डॉलर हातात हवे असतील, तर दर वाढवून द्या किंवा त्यांचा ७.६५ टक्क्यांचा वाटा तुम्ही उचला. कायदा त्याला आडकाठी करत नाही. फक्त तुम्ही उचललेली रक्कम प्राप्तिकरापुरती त्यांच्या उत्पन्नात धरली जाते.

तुमच्या बाजूलाही काही जमा होते. नोकरीतून डिपेन्डन्ट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवण्याचे खाते) मिळत असेल, तर २०२६ पासून एका कुटुंबाला ७,५०० डॉलर करमुक्त बाजूला ठेवता येतात. पूर्वी हा आकडा ५,००० होता. एफएसए नसेल, तर फॉर्म २४४१ वरची, मुलांच्या सांभाळाच्या खर्चाची करसवलत आहे. तिच्यासाठी एका मुलामागे ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांमागे ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरला जातो. एफएसएची रक्कम या मर्यादेतून वजा होत असल्याने पूर्ण एफएसए वापरणाऱ्याला सवलतीसाठी काही उरत नाही. दोन्हींसाठी काकूंचा सोशल सिक्युरिटी क्रमांक द्यावा लागतो, त्यामुळे पैसे रोख दिले की हा लाभही जातो.

कामाला लागण्यापूर्वी ईआयएन (मालकाचा कर क्रमांक) काढून ठेवा, आयआरएसच्या संकेतस्थळावर तो लगेच मिळतो. न्यू जर्सीचा वार्षिक फॉर्म एनजे-९२७-एच आहे. काकूंना डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कपात दाखवणारा फॉर्म) जानेवारीअखेरपर्यंत द्यायचा असतो. आणि १ जुलै २०२४ पासून तुमच्या राज्यात घरकामगारांसाठी वेगळा कायदा लागू झाला असून त्यात लेखी कराराची अट आहे. करारात तासाचा दर आणि दीडपट दर हे दोन आकडे स्वतंत्र लिहा. ‘आठवड्याला ९५०’ एवढेच लिहिले, तर ४० तासांनंतरचे काय ठरले होते, हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही.

नवखी मालकीण

काल संध्याकाळी काकूंकडे जाऊन आले. एका वहीत डावीकडे एकूण पगार, मध्ये कपात आणि उजवीकडे हातात पडणारी रक्कम, असे तीन रकाने आखले आणि पहिल्या आठवड्याची ओळ त्यांच्यासमोर भरली. त्यांनी मधल्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, “हे माझ्याच नावावर जमा होणार ना?” मी हो म्हटले. तासाला २१ डॉलर ठरले आहेत, म्हणजे एकूण ९९७.५० आणि ७.६५ टक्के वजा जाता ९२१.१९, राज्याची कपात नेमकी कळली की तीही त्याच रकान्यात लिहीन. वही त्यांच्याकडेच राहील आणि दर शुक्रवारी आम्ही दोघी तिच्यावर सह्या करू.