अपर ट्रॅपिझियसला ड्राय नीडलिंग : ट्विच मिळतो, पण तिसऱ्या दिवशी दुखणं परत

मणका_२४ :
रुग्ण ३४ वर्षांची, दिवसभर लॅपटॉपवर काम. उजव्या अपर ट्रॅपिझियसच्या (मानेपासून खांद्यापर्यंतचा वरचा स्नायू) कडेला, मान आणि खांद्याच्या साधारण मध्यावर ताठ पट्टा हाताला लागतो. दाबलं की कळ मानेमागून कानामागे चढते आणि कानशिलात जाते. हातात मुंग्या नाहीत, ताकद आणि रिफ्लेक्स नॉर्मल, स्पर्लिंग (मान कलवून दाबून नस दबते का बघण्याची चाचणी) निगेटिव्ह. ड्राय नीडलिंग (औषध न सोडता स्नायूत नुसती सुई टोचणं) केलं : ०.२५ मिमी जाड, ४० मिमी लांब सुई, पालथं झोपवून, आठवड्याच्या अंतराने दोन बैठका, दर वेळी ३-४ ट्विच (सुई लागताच स्नायूचा क्षणिक झटका). मान लगेच मोकळी होते, पण तिसऱ्या दिवशी जैसे थे. आता ०.३० मिमी जाडीची सुई घ्यावी, की त्याच जागी जास्त वेळा टोचावं? दुसऱ्या बैठकीत सुई आत घट्ट अडकलीही होती. कशामुळे?

सुईवाले :
जाड सुईने आराम वाढणार नाही, नंतरचा ठणका मात्र वाढेल. ट्विच येतोय म्हणजे जागा सापडली आहे. लेविट या संशोधकांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की सुईचा परिणाम सर्वांत दुखऱ्या बिंदूवर नेमकं टोचण्यावर अवलंबून असतो. औषध आत सोडायलाच हवं असं नाही. हाँग या संशोधकांच्या १९९४ च्या अभ्यासात लिडोकेन (बधिर करणारं औषध) टोचणं आणि कोरडी सुई, दोन्ही गटांत ट्विच मिळाला तरच खरा आराम होता. कोरड्या सुईनंतर ठणका जास्त होता, एवढाच मोठा फरक.

अडकण्याची कारणं दोन. एक तर स्नायू आकसून सुईला पकडतो, नाही तर सुई एकाच दिशेने फिरवल्याने तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात. ओढू नका. रुग्णाला खांदा सैल सोडायला सांगा, एक-दोन मिनिटं थांबा, सुईच्या आजूबाजूला बोटाने हलकं चोळा. फिरवली असेल तर उलट दिशेने थोडी सोडवा. आणखी एक चूक सर्रास होते : सुई खोल असतानाच कोन बदलायचा. त्याने ती वाकते. आधी त्वचेखालपर्यंत मागे आणा, मग दिशा बदला.

कळ_आणि_मूळ :
सुईवाल्यांचं तंत्राबद्दलचं म्हणणं मान्य, पण मोजलेले ट्विच म्हणजे उपचार नव्हे. तिसऱ्या दिवशी परत येणारं दुखणं बहुधा दोन गोष्टी सांगतं.

पहिली, दुसरा स्नायू तपासायचा राहून गेलाय. लेव्हेटर स्कॅप्युली (मानेपासून फऱ्यापर्यंतचा स्नायू) तपासलात का? फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावर दाबून बघा आणि मान उजवीकडे वळवताना अडते का तेही पाहा. पुढून खांदा दुखत असेल तर इन्फ्रास्पायनेटस (फऱ्यावरचा स्नायू) पण. ट्रॅपिझियस बऱ्याचदा नुसता ओरडणारा असतो.

दुसरी, सुईनंतर स्नायूला काम दिलेलं नाही. सुई काढल्यावर कापसाने ३०-६० सेकंद दाब, मग १० मिनिटं शेक, मग लगेच मानेच्या आणि खांद्याच्या पूर्ण हालचाली. ठणका २४ ते ७२ तास राहू शकतो, हे आधीच सांगा. नाही तर ठणक्यालाच ती ‘दुखणं परत आलं’ म्हणते. हा फरक विचारल्याशिवाय तिसरी बैठक नकोच! ठणका ओसरला की हलके डंबेल धरून खांदे कानांकडे उचलायचे, १०-१२ चे ३ सेट, आठवड्यात ३ वेळा, आणि वजन हळूहळू वाढवायचं. लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीला, वेगळा कीबोर्ड, कोपरांना आधार. एवढं करून ३-४ बैठकांत फरक नसेल तर सुई बंद करून निदान पुन्हा तपासा.

मणका_२४ :
इन्फ्रास्पायनेटस नव्हतं बघितलं, लेव्हेटर दुखरा आहे. त्यात टोचताना फुप्फुसाची भीती वाटते. शिवाय दुसरा एक रुग्ण वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आहे, त्याला ट्रॅपिझियसला चालेल का?

फुप्फुस_आधी :
भीती योग्यच आहे. ट्रॅपिझियसला चिमटीची पकड : अंगठा आणि दोन बोटांत स्नायू बरगड्यांपासून वर उचलून धरायचा, सुई आपल्याच समोरच्या बोटाकडे जाईल अशी, आणि सुई पूर्ण बाहेर येईपर्यंत पकड सोडायची नाही. पकड मध्येच ढिली होते आणि सुई छातीकडे उतरते, गडबड इथेच होते. बारीक अंगाच्या माणसाला ३० मिमी लांबीची सुई पुरते. लेव्हेटरच्या खालच्या टोकाला सुई सपाट कोनात, फऱ्याच्या कोपऱ्याकडे. बरगड्यांकडे सरळ खाली कधीही नाही. पकड जमत नसेल तर तो स्नायू हातानेच सोडवा, सुईवाचून काही अडत नाही.

लेखी संमतीत न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाला भोक पडून त्याभोवती हवा साठणं) हा शब्द असू द्या. लक्षणं काही तासांनीही येतात : श्वास घेताना छातीत टोचणं, धाप, कोरडा खोकला. असं झालं तर थेट कॅज्युअल्टी, छातीचा एक्स-रे. ‘उद्या या, बघू’ नाही. बसवून टोचू नका, चक्कर येऊन पडतात.

वॉरफरिन : ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघा आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला, गोळी स्वतःहून बंद करायला सांगू नका. बोटाने दाबता येतो असा वरवरचा स्नायू, बारीक सुई, कमी वेळा वर-खाली, नंतर २-३ मिनिटं दाब. कमरेतल्या क्वाड्रेटस लम्बोरमसारख्या खोल स्नायूंत मात्र नाहीच, तिथे रक्त साचलं तर बाहेरून दाबता येत नाही आणि लवकर कळतही नाही.

सुई एकदाच वापरायची, त्याच रुग्णालाही पुढच्या वेळी नवी. वापरलेली लगेच पांढऱ्या, न टोचणाऱ्या शार्प्सच्या डब्यात. टोपण परत लावायला जाऊ नका, बोटात जाते. रुग्ण उठण्याआधी सुया मोजा, केसांच्या रेषेजवळची हमखास राहून जाते.